हिमरूची हँडबॅग घ्यायची असेल तर आधी ती उलटी करून बघा

आधी निकाल सांगते मंग बाकीचं. बॅग आवडली, पैसे वसूल आहेत, आणि दोन-तीन गोष्टी सुधारल्या तर मी हिला दहापैकी दहा देईन, सध्या साडेआठ. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटकडून टिळकपथाने गुलमंडीकडं निघालं की उजव्या-डाव्या हाताला ज्या बारक्या गल्ल्या लागतात त्यातल्या एका गल्लीत हे घरगुती दुकान आहे, पाटी नाही, पुढच्या खोलीत शिलाई मशिनी आणि मागं राहतं घर. काकू शिवतात, काका कापड आणतात नि कटिंग करतात. मी घेतलेली बॅग डाळिंबी रंगाची, त्यावर पिवळसर वेलबुट्टी, अकरा इंच रुंद, नऊ इंच उंच, तळाला साडेतीन इंचाची रुंदी, दोन हाताचे बंद आणि एक लांब खांद्याचा बंद. किंमत १८५० रुपये. घासाघीस केली तर ऐकत नाहीत, मीही फार केली नाही, कारण पुढं सांगते.

ज्यांना हिमरू माहीत नाही त्यांच्यासाठी (आणि लातूर-नांदेडकडच्या माझ्या कितीतरी मैत्रिणींना माहीत नाही, पैठणी सगळ्यांना माहीत असते पण हिमरू म्हणलं की "ते काय असतं गं" विचारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं). ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) रेशमी, असं हे विणलेलं कापड. किनखापासारखा भरगच्च दिसतो पण त्यात सोन्याची जर नसते, म्हणून अंगाला टोचत नाही, हलका राहतो नि थंडीत ऊबही देतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्यासोबत विणकर आले नि ही कला इथं रुजली असं आपल्याकडं पिढ्यानपिढ्या सांगतात. पुढं निजामाच्या काळात याच्या शेरवान्या व्हायच्या, शाली व्हायच्या. जुन्या मागावर एकटा माणूस हिमरू विणूच शकत नव्हता, खाली बसलेला विणकर धोटा (आडवा धागा नेणारी नळी) टाकायचा आणि नक्षीचे दोर ओढायला दुसरा माणूस वर बसलेला असायचा, म्हणजे एका फुलासाठी दोन माणसांचे हात एका तालात चालावे लागायचे. आता हातमाग बोटावर मोजण्याइतके राहिलेत आणि बाजारात हिमरू म्हणून जे विकायलेत त्यातलं बरंचसं पॉवरलूमवरचं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण हातमागाच्या भावात विकलं तर ती फसवणूक आहे.

म्हणून शीर्षकात म्हणलंय तसं, उलटी करून बघा. काकूंनी मला स्वतःहून दाखवलं. मी बॅग हातात घेऊन पुढून-मागून बघायले तर त्या म्हणाल्या, "ताई, वरून काय बघायल्या, अस्तर लावायच्या आधीचा तुकडा देते, उलटा करून बघा, मंग पैशाचं बोलू." हिमरूच्या उलट्या बाजूला रेशमाचे सुटे धागे लांबच लांब पडलेले दिसतात, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मोकळे गेलेले, त्यानेच कापडाला आतून मऊपणा येतो. पैठणीचं बरोब्बर याच्या उलट आहे! खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो कारण रंगाचा धागा जिथल्या तिथं शेजारच्या धाग्यात अडकवून विणलेला असतो, मागं सुटे धागे नसतात. त्यामुळं कुणी पैठणीची पर्स म्हणून देत असेल आणि तुकड्याच्या मागं कापलेल्या धाग्यांचं जाळं दिसलं तर ती सेमी पैठणी आहे असं समजा, ती चारशे-पाचशेत मिळते, त्याहून जास्त देऊ नका. पैठणीला २०१० मध्ये जीआय (ठरावीक भागातल्या मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालाय पण त्या नावावर पर्सेस विकणाऱ्या प्रत्येकाकडं तो असतोच असं नाही. सेमी वापरायला काही हरकत नाही, वापरा, फक्त काय घेतोय ते कळून घ्या.

आता अडचण ही की तयार बॅगेला अस्तर लागलेलं असतं, आत बघणार कसं. या दुकानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, चोरकप्प्याच्या आत दोन बोटं मावतील एवढी अस्तराची शिवण मुद्दाम उघडी ठेवलीय, तिथून कापडाची मागची बाजू दिसते, खात्री झाली की घरी तिथं टाका घालून घ्यायचा. एवढा विचार करणारा माणूस मला मोठ्या शोरूममध्ये भेटला नाही.

मला बॅगांचा नाद जुना आहे. नुसता घ्यायचा नाही, त्यांच्या गोष्टी वाचायचा. आणि जितकं वाचलं तितकं माझं एक मत पक्कं झालं, की बॅगेची फॅशन बाईच्या कपड्याने नि तिच्या घराबाहेरच्या कामाने ठरते, मटेरियल किती भारी याने ठरत नाही. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत एक बॅग आहे, पितळेची, त्यावर सोन्याचांदीचं जडावकाम, इराकातल्या मोसुलमध्ये साधारण १३०० ते १३३० च्या दरम्यान घडवलेली. म्हणजे इकडं दौलताबादला तुघलकाचा लवाजमा येत होता त्याच सुमाराची! तिच्या झाकणावर दरबाराचं चित्र कोरलंय आणि त्यात बेगमसाहेबांशेजारी उभ्या असलेल्या पोऱ्याच्या अंगावर अशीच बॅग पट्ट्याने अडकवलेली दिसते. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीसुद्धा बॅग ही मिरवायची गोष्ट होती, फक्त उचलायला माणूस ठेवलेला होता.

युरोपातल्या बायका तर पूर्वी हँडबॅग वापरायच्याच नाहीत फारशा. घेरदार झग्यांच्या आत कमरेला नाडीने बांधलेले सुटे खिसे असायचे, झग्याच्या फटीतून हात घालून वस्तू काढायची. मग १७९० च्या दशकात फॅशन फिरली, अंगासरशी, पातळ मलमलीचे झगे आले, आणि ती मलमल जात होती कुठून तर आपल्या बंगालमधून. एवढ्या झिरझिरीत कापडाखाली खिसा बांधला तर फुगवटा दिसणार, मंग खिसा बाहेर आला नि हातात लटकायला लागला, रेटिक्यूल म्हणायचे त्याला, नाडीची छोटी थैली. ही थैली बघितली की मला आपला बटवाच दिसतो. आपल्याकडं तर लुगड्याला खिसा नाही म्हणून बायकांनी कितीतरी सोयी काढल्या, कनवटीला पैसे, पानसुपारीला चंची, दागिन्याला बटवा. माझ्या आजीच्या चंचीला एवढे कप्पे होते नि कुठल्या कप्प्यात काय हे तिला अंधारात कळायचं. बाईमाणसाने घराबाहेर पडताना किल्ली, पैसा, औषध जवळ ठेवायचं तर जागा पाहिजेच, ती कपड्यात नसली की बॅगेत येते, सगळीकडं हेच झालंय.

खांद्याच्या बंदाचं पण तसंच. या बॅगेचा लांब बंद मी मुद्दाम लावून घेतला (१५० रुपये जास्त, ते वरच्या किमतीत धरलेत). मी जालन्याहून संभाजीनगरला अपडाऊन करते, एसटीत उभं राहायचं तर एक हात वरच्या दांड्याला लागतो आणि दुसऱ्या हातात तिकिटाचे पैसे, हातात धरायची पर्स घेऊन बघा काय हाल होतात. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय तेव्हापासून गाडीत आम्हीच जास्त असतो, आणि प्रत्येकीच्या खांद्याला काहीतरी अडकवलेलं असतंच. फ्रेंच डिझायनर कोको शनेलने फेब्रुवारी १९५५ मध्ये जी बॅग काढली, २.५५ म्हणतात तिला, तिची ओळखच लांब साखळी आहे. तोवर उच्चभ्रू बायकांच्या बहुतेक पर्सेस हातात नाहीतर काखेत धरायच्या असायच्या, हिने बॅग खांद्याला टांगली नि हात मोकळे केले. आणि त्या बॅगेच्या झडपेत एक चेनचा चोरकप्पा आहे! म्हणून मला या काकूंच्या बॅगेतला चोरकप्पा बघून एवढा आनंद झाला. अस्तराच्या मागच्या बाजूला, आडवा, पाचशेच्या नोटा न दुमडता बसतात, वरून हात फिरवला तरी कळत नाही.

आता शिवण. बॅगेत सगळ्यात आधी तुटतं काय, तर बंद जिथं बॅगेला जोडलेला असतो ती जागा, आणि दुसरं चेनचा रनर. इथं बंदाला आत कॅनव्हासची पट्टी आहे, बंद नुसता वरच्या काठाला शिवलेला नाही, चार बोटं खाली आतपर्यंत नेलाय आणि चौकोनात फुलीचा टाका मारलाय, रिव्हेट वेगळं. डबा, पाण्याची छोटी बाटली, चार्जर, छत्री, कागदपत्रं, एवढं भरून मी नेते, जोडावर ताण दिसत नाही. चेन वायकेकेची आहे, रनरवर नाव कोरलेलं असतं ते बघून घेत जा, ही जपानी कंपनी १९३४ पासूनची आहे. पंधरा-वीस रुपयांसाठी लोक साधी चेन लावतात नि दीड हजाराची बॅग सहा महिन्यांत उघडी पडते. कापड आणि अस्तराच्या मध्ये पातळ फोम नि बकरम आहे त्यामुळं बॅग ठेवली की उभी राहते, पसरत नाही. कडांना पाइपिंग लेदरचं नाही, जाड सुती आहे, मला तेच बरं वाटतं, घासलं तर बदलता येतं.

नावडलेलं पण सांगते. अस्तर मोतिया रंगाचं आहे, चार दिवसात पेनाचा डाग पडला, गडद रंग का लावत नाहीत विचारलं तर काकू म्हणाल्या, "गडद अस्तरात वस्तू सापडत नाहीत ताई, काळोख वाटतो." मुद्दा बरोबर आहे पण मधला एखादा रंग चालेल की, राखाडी, खाकी. बाहेरच्या मोबाईलच्या कप्प्याचं मॅग्नेट बटन हलकं आहे, धक्क्यात उघडतं, तिथं छोटी चेन पाहिजे. बाटलीसाठी वेगळा कप्पा नाही, आणि रेशमी कापडाच्या बॅगेत बाटली आडवी पडणं बरं नाही. लांब बंदाची लांबी कमीजास्त करता येत नाही, माझ्यासारख्या ठेंगण्या बाईला तो मांडीपर्यंत येतो, मी गाठ मारून वापरते. आणि पाऊस. हिमरू भिजला तर बाण्यातलं रेशीम वाळताना आखडतं, डाग धरतो. त्यामुळं जून ते सप्टेंबर ही रोजची बॅग होऊ शकत नाही. काकूंनी हे घेतानाच सांगितलं होतं, लपवलं नाही.

किमतीचं काय. माझी बहीण म्हणाली एवढ्यात तर मोठ्या ब्रँडचं नाव असलेली लेदरसारखी बॅग येते. येते ना. विदेशी लोगोची कॉपी आपल्याकडं कुठल्याही बाजारात आठशे-हजाराला लटकलेली असते. माझ्याकडं पण होती तशी एक, मराठवाड्याच्या दोन उन्हाळ्यात वरचं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटायला लागलं, साडीला काळे कण चिकटायचे, आणि ते शिवूनही दुरुस्त होत नाही कारण खाली फक्त जाळीदार कापड असतं. कॉपी घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, चांगलं दिसावं वाटणं यात चूक काहीच नाही. पण ज्या बॅगांची कॉपी आपण घेतो त्यांची गोष्ट तरी बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत मटेरियलचा तुटवडा होता तेव्हा १९४७ मध्ये गुच्चीने बांबू तापवून वाकवून मूठ केली, तीच पुढं त्यांची शान झाली. प्राडाने १९८४ मध्ये नायलॉनची बॅकपॅक काढली, नायलॉन! एर्मेस या फ्रेंच कंपनीची केली बॅग, तिला ते नाव मिळालं कारण १९५६ मध्ये मोनॅकोची प्रिन्सेस ग्रेस केली गरोदर असताना फोटोवाल्यांपासून पोट झाकायला ती बॅग पुढं धरायची, कंपनीने नाव मात्र १९७७ मध्ये दिलं. आणि जेन बर्किन नावाची नटी तर वेताची टोपलीच घेऊन फिरायची, विमानात तिचं सामान सांडलं तेव्हा शेजारी एर्मेसचे प्रमुख बसलेले, ती म्हणाली आईला पुरेल अशी बॅगच तुमच्याकडं नाही, त्यातून १९८४ मध्ये बर्किन बॅग आली. तिची स्वतःची ती पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोला गेली. आणि ती काही काचेत ठेवलेली कोरी बॅग नव्हती, वापरून झिजलेली, स्टिकर लावल्याच्या खुणा असलेली, बंदाला नेलकटर लटकवलेलं. बाईने रोज वापरली म्हणून तिला किंमत आली असं मी मानते.

मंग बांबू, नायलॉन, वेताची टोपली यांना मान मिळतो तर सातशे वर्षांची गोष्ट सांगणाऱ्या हिमरूला का मिळू नये? मागच्या वर्षी २०२५ च्या उन्हाळ्यात प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो, आणि चिडायलाच पाहिजे होतं. पण त्या आधी आपल्यातल्या किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती हेही बघायला पाहिजे. हिमरूवर ती वेळ यायची वाट बघू नये असं मला फार वाटतं. इथल्या कापडाची किंमत इथल्या बाईने आधी द्यावी.

आपल्याकडं पण बॅगा किती बदलल्या बघा ना. आईच्या काळात रंगीत वायरची विणलेली पिशवी, भाजीला तीच, प्रवासाला तीच, घरोघरी बायका स्वतः विणायच्या. कॉलेजात कवी, कार्यकर्ते, प्राध्यापक सगळ्यांच्या खांद्याला शबनम. मग रेक्झिनची काळी पर्स, चाप कट्टकन वाजणारी, मास्तरीण बाई म्हणलं की तीच डोळ्यासमोर येते. मग स्लिंग, टोट, लग्नात पोटली नि क्लच. १९९७ ला फेंडीची बॅगेट आली, काखेत मावणारी, तिकडं त्यावर सगळे वेडे झाले, आणि पुढं बॅगा इतक्या लहान झाल्या की मोबाईलही मावेना. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कापडी पिशवी परत घराघरात आली, याचा बचतगटातल्या बायकांना खूप फायदा झाला, पण ती पिशवीच राहिली, बॅग झाली नाही. काकूंचं काम मला म्हणूनच वेगळं वाटतं, त्यांनी कापड तेच ठेवलंय पण आतलं सगळं बांधकाम नोकरी करणाऱ्या बाईच्या हिशोबाने केलंय.

एक गोष्ट मी काकांना स्पष्ट विचारली, की हे हातमागाचं आहे का. त्यांनी कपाटातून दोन थान काढले, म्हणाले, "हे हातमागाचं, याची बॅग अडीच हजाराच्या खाली बसत नाही. हे पॉवरलूमचं, याची सातशे. तुम्ही घेतली त्यात पुढचा तुकडा हातमागाचा नि मागची बाजू साधी." खरंय, माझ्या बॅगेची मागची बाजू साध्या डाळिंबी सुती कापडाची आहे, नक्षी फक्त पुढं आणि झडपेवर. म्हणून १८५०. तीन भाव तीन कापडांचे, वेगवेगळे सांगितले, सरसकट "असली हिमरू बाजी" म्हणून गळ्यात मारलं नाही. अजिंठा-वेरूळला आलेल्या टुरिस्टांच्या गळ्यात जे मारतात ते बघून मला या माणसाची कदर वाटली.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. लॅपटॉप न्यायचा असेल तर नको, त्यात मावत नाही आणि त्या वजनाला हे कापड नाही. लहान लेकरू सोबत असेल, दुधाच्या बाटल्या, बिस्किटं, तर नको, धुता येत नाही. गाडीवर पुढच्या हुकाला अडकवून धुळीत फिरायचं असेल तरी नको. ऑफिस, लग्नकार्य, बँकेची कामं, महालक्ष्म्यांना माहेरी जाताना, यासाठी एकदम मस्त.

घरी आणल्यावर वापरात नसली की जुन्या सुती साडीच्या कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घालू नका, आत वर्तमानपत्र कोंबू नका शाई लागते, एखादा सुती टॉवेल भरा म्हणजे आकार राहतो. डांबरगोळी थेट कापडाला टेकू देऊ नका. डाग पडला तर पाणी न लावता ड्रायक्लीनवाल्याकडं, आणि त्याला रेशीम आहे हे सांगा.

ऑर्डर देऊन रंग नि माप निवडता येतं, त्याला आठ-दहा दिवस लागतात, लग्नसराईत महिना धरा. स्वतःची जुनी शाल किंवा पैठणीचा विरलेला पदर नेऊन दिला तर त्याची पण करून देतात, फक्त शिलाई आणि आतलं सामान, सहाशेपासून पुढं. माझ्या सासूबाईंची एक जुनी हिमरूची शाल कसर लागून मध्येच फाटलीय, तिचे काठ चांगले आहेत, ते मी दिवाळीच्या आत नेऊन देणार आहे नि या वेळी अस्तर राखाडीच लावून घेणार आहे. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, शुक्रवारी पूर्ण बंद, यूपीआय चालतं.